न जन्मलेल्या मुलाचा रकाना



अमेरिकेंतील एखाद्या रुग्णालयांत गर्भवती स्त्रीच्या पोटांतील मुलाची चुंबकीय तपासणी झाली, कीं तिच्या बिलावर ७४७१२ हा आंकडा पडतो. चुंबकीय तपासणी म्हणजे जिला आपण सगळे एम्. आर्. आय्. म्हणतों तीच. पोटांत जुळें असलें तर दुसऱ्या मुलासाठीं ७४७१३ हा आणखी एक आंकडा त्याखालीं येतो. हे दोन्ही आंकडे १ जानेवारी २०१६ रोजीं वापरांत आले. तपासणी मात्र १९८३ सालापासून माहीत होती. म्हणजे मधलीं ३३ वर्षें ही तपासणी होत होती, तिचे पैसेहि कोणी ना कोणी देत होतें, परंतु हिशेबाच्या वहींत तिला स्वतःचें असें नांव नव्हतें.

बिलांतला आंकडा हा काय इतिहासाचा विषय, असें आपणांपैकीं कोणास वाटलें तर नवल नाहीं. राजे, लढाया आणि तह ह्यांचा इतिहास मींहि वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला. पण माणसानें माणसाची नोंद कशी ठेविली हाहि इतिहासच आहे. आणि त्या नोंदवहींत न जन्मलेल्या मुलाला जागा कशी मिळाली, हें प्रकरण तर विशेष ऐकण्यासारखें आहे. त्याचा आरंभ बिलांत नाहीं. तो मृत्यूच्या यादींत आहे.

सतराव्या शतकांत लंडन शहरीं दर आठवड्यास मेलेल्या माणसांची छापील यादी निघत असे. प्लेगची चाहूल लागली तर श्रीमंतांना वेळींच शहर सोडून जातां यावें, हा तिचा एक उपयोग होता. यादी होई ती अशी. कोणी मेलें, कीं चर्चच्या हद्दींत नेमलेल्या वृद्ध स्त्रिया प्रेत पाहावयास जात. माणूस कशानें गेला हें त्या ठरवीत, आणि त्या सांगतील तें कारकून लिहून घेई. ह्या स्त्रियांना वैद्यक येत नव्हतें. ‘दांत’, ‘कृमि’, ‘एकाएकीं’, फार काय ‘ग्रह’ अशीं देखील मृत्यूचीं कारणें त्या याद्यांत सांपडतात. हंसूं येतें खरें. पण हंसण्यापूर्वीं एवढें लक्षांत घ्यावें, कीं जगांतील बहुतेक शहरांत त्या वेळीं एवढीहि नोंद नव्हती.

ह्या याद्या रद्दींत जात. जॉन ग्राँट नांवाच्या एका व्यापाऱ्यानें त्या जमविल्या. सुई-दोरा, फिती, गुंड्या विकण्याचा त्याचा धंदा. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें. १६६२ सालीं त्यानें ह्या याद्यांवर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि लोकसंख्याशास्त्राचा उगम त्या पुस्तकांत आहे असें आज विद्वान् मानतात. यादींत मृताचें वय लिहिलेलें नसे. लहान मुलें किती मरतात हें मग कसें काढावें? ग्राँटनें युक्ति केली. जीं कारणें लहान मुलांनाच लागू पडतात तेवढींच त्यानें वेचून काढलीं, आणि २० वर्षांतील २,२९,२५० मृत्यूंपैकीं ७१,१२४ मृत्यु त्या कारणांचे निघाले. जवळ जवळ तिसरा हिस्सा! तपासनीस स्त्रियांवर त्याचा भरंवसा नव्हता, हेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. दारूचा पेला आणि थोडे पैसे हातावर पडले, कीं लाजिरवाण्या रोगाच्या जागीं क्षय लिहिला जातो, असा त्याला संशय होता. खोट्या नोंदीचा इतिहास नोंदीइतकाच जुना आहे, तो असा.

त्या यादींत एक ओळ होती: ‘गर्भपात आणि मृतजन्म’. महिन्याच्या आंत, बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्रांतच गेलेल्या मुलांची ओळ निराळी होती. परंतु पोटांत असतांनाच गेलेल्या मुलांची ही एवढी एकच ओळ. तें कशानें गेलें हें कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तरी सांगणार कोण? आंत पाहण्याचें साधनच नव्हतें. पुढें १८३७ सालीं इंग्लंडांत जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली, तेव्हां तर ही ओळहि गेली. जें जिवंत जन्मलें नाहीं त्याचा जन्म लिहिला जात नसे. आणि जन्म नाहीं म्हणून मृत्युहि नाहीं. मृतजन्माची नोंद इंग्लंड व वेल्समध्यें सक्तीची झाली ती १ जुलै १९२७ पासून. ९० वर्षें त्या मुलांचा सरकारदरबारीं मागमूस नव्हता.

मधल्या काळांतील मोठा पुरुष म्हणजे विल्यम फार. १८०७ सालीं गरीब घरांत जन्मलेला हा गृहस्थ त्या नव्या नोंदणी-कचेरींत आंकडेवारीच्या कामास लागला. १८३९ च्या अहवालांत त्यानें तक्रार केली ती आजहि पटेल. एकाच रोगाला तीन-चार नांवें, एकाच नांवाखालीं अनेक रोग, कोठें रोगाऐवजीं नुसतें लक्षण. अशा नांवांवर बेरीज-वजाबाकी करावयाची कशी? शास्त्राला जशीं ठराविक वजनेंमापें लागतात तशीं वैद्यकाला ठराविक नांवें लागतात, असा त्याचा मुद्दा होता. १८५३ सालीं ब्रुसेल्स येथें आंकडेशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिनें फार आणि जिनीव्हाचा मार्क देस्पिन ह्या दोघांवर यादीचें काम सोंपविलें. दोघांनीं दोन निरनिराळ्या याद्या आणल्या! १८५५ सालीं पॅरिसमध्यें तडजोड होऊन १३९ सदरांची यादी ठरली. ती नीट चालली मात्र नाहीं. अखेर १८९३ सालीं शिकागो येथें पॅरिस शहराच्या आंकडेवारी-खात्याचा प्रमुख जाक बर्तियाँ ह्यानें मांडलेली यादी लोकांनीं उचलली. १८५३ च्या परिषदेंत तो ठराव आणणारा आशील गियार हा ह्या बर्तियाँचा आजोबा. आणि गुन्हेगारांचीं शरीरमापें घेऊन त्यांस ओळखण्याची पद्धति काढणारा आल्फाँस बर्तियाँ हा त्याचा भाऊ. नोंदी ठेवण्याचें व्यसन त्या घराण्याच्या रक्तांतच असावें.

१९०० सालीं पॅरिसला २६ देशांनीं ही यादी तपासली, आणि दर दहा वर्षांनीं ती सुधारावी असें ठरलें. तोंपर्यंत ती फक्त मृत्यूच्या कारणांची होती. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सहावी आवृत्ति हातीं घेतली, तींत प्रथमच जिवंत माणसांचे आजारहि आले. माझ्या मतें ह्या सगळ्या कथेंतील वळण तें हेंच. मेलेल्याची नोंद ठेवून सरकार शहाणें होतें. आजाऱ्याची नोंद ठेवली कीं कोणाला तरी पैसे द्यावे लागतात.

आजार काय, हें सांगणारी यादी झाली. डॉक्टरनें केलें काय, हें सांगणारी यादी निराळी. ती अमेरिकेंतील डॉक्टरांच्या संघटनेनें, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननें, १९६६ सालीं काढली. पहिल्या आवृत्तींत बहुतेक शस्त्रक्रियाच होत्या, आणि आंकडा चार अंकी होता. १९७० च्या आवृत्तींत तो पांच अंकी झाला. ह्याच सुमारास अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या सहीनें १९६५ सालीं वृद्धांसाठीं मेडिकेअर ही सरकारी विमायोजना सुरू झाली होती. सरकारकडे डॉक्टरांचीं लक्षावधि बिलें येऊं लागलीं. आणि प्रत्येक डॉक्टर आपल्या कामाचें वर्णन आपल्या शब्दांत लिहूं लागला तर तीं वाचणार कोण? १९८३ सालीं सरकारनें डॉक्टरांच्या ह्याच यादीचा आपल्या पद्धतींत स्वीकार केला, आणि खाजगी विमा कंपन्यांच्या व्यवहारांतहि तीच चालते. यादीची मालकी मात्र संघटनेकडेच राहिली. ती वापरावयाची तर परवाना घ्यावा लागतो, त्याचें शुल्क पडतें. पाढे म्हणण्याबद्दल कोणी पैसे मागावे तसें हें मला वाटतें. पण तिकडे त्याची संवय झालेली आहे.

तेव्हां बिलावर दोन आंकडे हवेत. एक सांगतो ‘कां’, दुसरा सांगतो ‘काय’. दोहोंचा मेळ बसला, कीं विमा कंपनी पैसे देते; न बसला, तर कागद परत येतो आणि खर्चाचा प्रश्न त्या कुटुंबाच्या दारांत येऊन उभा राहतो.

आतां पोटांतल्या मुलाकडे येऊं. क्ष-किरण १८९५ सालीं सांपडले, आणि लौकरच ते गर्भवती स्त्रियांवरहि वापरले जाऊं लागले. १९५६ पासून इंग्लंडांत डॉ. ॲलिस स्टुअर्ट ह्यांनीं दाखवून दिलें, कीं ज्यांच्या आयांच्या पोटाचे गरोदरपणीं क्ष-किरणांनीं फोटो घेतले गेले अशा मुलांत कर्करोग अधिक आढळतो. १९५८ सालीं ग्लासगो येथें इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आपल्या घरोघर माहीत असलेली सोनोग्राफी. तींत क्ष-किरणांची भीति नाहीं. परंतु मूल आडवें-तिडवें असलें, भोंवतीं पाणी कमी असलें, कवटीचें हाड आड आलें, तर मेंदूचें चित्र धूसर येतें.

चुंबकाच्या साह्यानें शरीराच्या आंतलें चित्र काढण्याची कल्पना पॉल लॉटरबर ह्यांनीं १९७३ सालीं मांडली, आणि पीटर मॅन्सफील्ड ह्यांच्या बरोबर त्यांना २००३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हींतहि क्ष-किरण नाहींत. स्कॉटलंडांतील अॅबर्डीन येथें १९८० सालीं एका रोग्याच्या सर्वांगाची अशी तपासणी झाली, आणि त्याच गांवच्या डॉक्टरांनीं १९८३ सालीं गर्भाचीं पहिलीं चुंबकीय चित्रें प्रसिद्ध केलीं. अडचण एकच, पण मोठी होती. यंत्राला चित्र काढण्यास कित्येक मिनिटें लागत, आणि पोटांतलें मूल कांहीं कोणाच्या सांगण्यावरून स्वस्थ पडत नाहीं. कोठें कोठें त्याला सुईनें औषध देऊन कांहीं काळ निश्चल करीत असत. १९९० नंतरच्या दशकांत एक एक चित्र सेकंदाच्या आंतबाहेर निघूं लागलें, आणि मग ही तपासणी खऱ्या अर्थानें उपयोगाची झाली.

उपयोग केवढा, तें ऐका. इंग्लंडांत ह्या विषयाची एक मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. सोनोग्राफींत ज्या गर्भांच्या मेंदूंत दोष असावा असें वाटलें, अशा ५७० गर्भांची चुंबकीय तपासणी करण्यांत आली. सोनोग्राफीचें निदान शेंकडा ६८ वेळां बरोबर निघालें. चुंबकीय तपासणीचें शेंकडा ९३ वेळां. तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रसंगीं पुढें काय करावें हा निर्णयच बदलला. आणखी एक गोष्ट. पाठीचा कणा दुभंगलेल्या मुलाची, तें पोटांत असतांनाच शस्त्रक्रिया करणें कांहीं मुलांच्या बाबतींत हितावह ठरतें, हें अमेरिकेंत २०११ सालीं सिद्ध झालें. त्या प्रयोगांत ही शस्त्रक्रिया २६ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीं केली जात असे. सोनोग्राफींत दोष दिसतो तो बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास. म्हणजे आईबापांच्या हातीं वेळ असतो तो सहा ते आठ आठवड्यांचा, आणि तेवढ्यांत विमा कंपनीशीं पत्रव्यवहार करावयाचा!

आणि पत्रव्यवहार कोणत्या नांवानें? यादींत गर्भाच्या चुंबकीय तपासणीला आंकडाच नव्हता. मग डॉक्टर ‘ओटीपोटाची चुंबकीय तपासणी’ ह्या ७२१९५ आंकड्याखालीं बिल करीत. म्हणजे कागदावर तपासणी आईच्या कटिराची. परीक्षक विचारणार, कीं ह्या बाईच्या कटिराला झालें आहे तरी काय? नाहीं तर ‘यादींत नमूद नसलेली चुंबकीय तपासणी’ म्हणून ७६४९८ हा आंकडा घालीत. अशा निनांवी आंकड्याला ठराविक दर नसतो. प्रत्येक वेळीं अहवाल जोडावा, तपासणी कां केली तें पटवून द्यावें, दर ठरवून घ्यावा. शाळेच्या हजेरीपटांत ज्याचें नांव चढलेलें नाहीं असा मुलगा वर्गांत रोज येऊन बसला तरी तो हजरहि नसतो आणि गैरहजरहि नसतो. साहेब तपासणीला आले म्हणजे तो कोणाच्याच हिशेबांत धरला जात नाहीं. तशी ह्या तपासणीची गत होती. वर्षाला अशा किती तपासण्या झाल्या, हेंहि बिलांवरून काढतां येत नव्हतें, कारण त्या सगळ्या आईच्या ओटीपोटाच्या रकान्यांत मिसळून गेल्या होत्या. ग्राँटला जें कोडें १६६२ सालीं पडलें तेंच हें. फक्त आतां त्याच्यासारखी वेचून काढण्याची सोय देखील नव्हती.

२०१६ च्या आवृत्तींत ७४७१२ आला. त्याचें वर्णन असें: गर्भाची चुंबकीय तपासणी, तींत वार आणि आईचें ओटीपोट पाहिलें असल्यास तेंहि धरून, एक किंवा पहिला गर्भ. ह्याच्या जोडीला ७२१९५ लावूं नये, असा स्पष्ट नियम आहे. गर्भ न पाहतां नुसती वार पाहिली असेल तर मात्र जुनाच आंकडा लावावा. क्रम उलटला, हें आपल्या लक्षांत आलेंच असेल: पूर्वीं आईच्या तपासणींत मूल मोडत होतें, आतां मुलाच्या तपासणींत आई मोडते. ह्या आंकड्याला जागा मिळाली तीहि मौजेची आहे. शेजारचा ७४७१० हा बाळंतपणापूर्वीं क्ष-किरणांनीं कटिर मोजण्याच्या जुन्या तपासणीला दिलेला आंकडा.

आंकडा मिळाला कीं दर ठरतो. १९९२ सालापासून मेडिकेअरनें डॉक्टरांच्या कामाला गुण देण्याची पद्धत घातली. तिचा पाया हार्वर्डचे विल्यम शाओ ह्यांच्या संशोधनांत आहे. डॉक्टरचें श्रम, दवाखान्याचा खर्च आणि चुकीच्या दाव्यांसाठीं काढलेला विमा, अशा तीन बाबींचे गुण मिळवावे आणि त्या बेरजेस डॉलरांच्या एका ठराविक आंकड्यानें गुणावें. २०१६ सालीं हा आंकडा सुमारें ३५ डॉलर ८० सेंट होता. यंत्राचा खर्च आणि चित्र वाचणाऱ्या डॉक्टरचें शुल्क हीं दोन्ही निरनिराळीं मागतां येतात. वृद्धांसाठीं काढलेल्या योजनेच्या तक्त्यांत गर्भाचा दर बसविलेला पाहून मला गंमत वाटली. पण खाजगी कंपन्याहि आपले दर बहुधा त्याच तक्त्यावरून बेततात.

हें झालें ‘काय’चें. ‘कां’चा आंकडा रोगांच्या यादींतून घ्यावयाचा. अमेरिकेनें दहावी आवृत्ति १ ऑक्टोबर २०१५ पासून, म्हणजे इतर पुष्कळ देशांच्या मागून, वापरावयास घेतली. तींत गर्भाचे दोष ‘ओ ३५’ ह्या सदरांत येतात. आणि तें सदर आईच्या प्रकरणांत आहे. दोष मुलाचा, पण रोगी म्हणून नांव आईचें. प्रथम तेथें मेंदू आणि पाठीचा कणा ह्यांच्या सर्व दोषांना मिळून एकच उपसदर होतें. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं अमेरिकेंत त्याची फोड झाली: मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा नसणें, डोक्यांत पाणी होणें, डोकें लहान असणें, कणा दुभंगणें, प्रत्येकास स्वतंत्र आंकडा. शेवटची, सातवी जागा कोणता गर्भ तें सांगते. एकच असेल तर शून्य, जुळ्यांपैकीं पहिला असेल तर एक, दुसरा असेल तर दोन. मधली एखादी जागा रिकामी राहत असेल तर तेथें ‘एक्स’ भरून ठेवतात, म्हणजे सातवा अंक आपल्या ठिकाणाहून सरकत नाहीं.

आपल्या देशांत बिलाचा हा खटाटोप त्या रूपांत नाहीं. परंतु गर्भाच्या तपासणीची वही आपल्याकडेहि आहे, आणि तिचा हेतु अगदीं निराळा आहे. मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्याचें पाप थांबावें म्हणून महाराष्ट्रानें १९८८ सालीं, देशांत सर्वांत आधीं, कायदा केला. सबंध देशाचा कायदा १९९४ चा. २००३ सालीं त्यांत सुधारणा होऊन गर्भाचें लिंग दाखवूं शकणारीं चित्रणाचीं यंत्रें त्याच्या कक्षेंत आलीं. तपासणीच्या वेळीं ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो, आणि नोंदी दोन वर्षें जपून ठेवाव्या लागतात. तो अर्धवट भरणें ही नुसती कारकुनी चूक नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें. तिकडे रकाना चुकला तर पैसे अडतात. इकडे खटला उभा राहतो. दोन्हीकडे डॉक्टर रकान्यांवर चिडतात. त्यांच्या त्राग्यांत थोडें तथ्य आहे हें मी मान्य करितों. पण ग्राँटच्या त्या एका ओळींत किती मुलें विनाचौकशी गडप झालीं हें ज्यानें पाहिलें, त्याचें मत बहुधा रकान्यांच्या बाजूनें पडेल.

अमेरिकेंतील त्या वहींत एक नियम असा आहे, कीं आईच्या प्रकरणांतले आंकडे मुलाच्या कागदावर कधींहि लिहूं नयेत. पोटांत असतांना ज्या मुलाचा कणा दुभंगलेला दिसला त्याची नोंद आईच्या नांवें ‘ओ ३५·०८’ अशी चालते. तपासण्या होतात, बिलें जातात, आणि मूल सातव्या जागेवरचें शून्य होऊन राहतें. तें जन्मलें, कीं त्याच दिवशीं नवा कागद निघतो. त्यावर जन्मजात दोषांच्या प्रकरणांतला ‘क्यू ०५’ हा आंकडा येतो, आणि वरच्या बाजूस प्रथमच त्या मुलाचें स्वतःचें नांव लिहिलें जातें. आईबापांच्या नोकरींतून मिळालेल्या विम्यांत तें नांव घालण्यासाठीं त्यांना निदान ३० दिवस मिळतात.